झेनोडोवर रिसर्चचा कोड ठेवते त्याला दीड वर्ष झालं, घाटंजीहून अनुभव

झेनोडो म्हणजे संशोधनाचा कोड आणि फाइली जपून ठेवायची साइट. मी कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर पीएचडी करते. काम असं की कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर ओढणाऱ्या सापळ्यात, रोज किती नर पतंग अडकले ते वहीत लिहायचं, आठवड्याला एक्सेलमध्ये भरायचं, त्याला हवामानाचे आकडे जोडायचे आणि मग आर या संगणकभाषेतल्या कोडनं काढायचं की कोणत्या गावात सलग ३ दिवस एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग आले, कारण तीच आर्थिक नुकसानीची पातळी धरतात आणि तिथून फवारणीचा निर्णय सुरू होतो. म्हणजे कोड चुकला तर फक्त पेपर चुकत नाही, शेतकऱ्याला सांगायची तारीख चुकते.

हा कोड मूळचा माझा नाही. २०१७ ला आपल्याकडं बोंडअळीनं कापूस खाल्ला ते सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यानंतरच्या एका प्रोजेक्टमधे माझ्या आधीच्या एका दादांनी तो लिहिला, प्रोजेक्ट संपला, दादा नोकरीला लागले आणि माझ्या हाती आला एक पेनड्राइव्ह. त्यात फायनल, फायनल२, फायनल सरांनी सांगितलेलं अशा नावाच्या फाइली आणि प्रत्येकीत दादांच्या स्वतःच्या डी ड्राइव्हचा पत्ता. चालवला तर गावाच्या कॉलमच्या जागी सगळीकडं एनए, म्हणजे माहितीच नाही. दोन महिने गेले माझे यात. शेवटी कळलं की २०२० मधे आर चं ४.० व्हर्जन आलं तेव्हा त्यातली एक जुनी सवय बदलली, आधी फाइल वाचताना अक्षरांचा कॉलम आपोआप फॅक्टर व्हायचा, म्हणजे प्रत्येक नावाला आतून एक नंबर मिळायचा, आता साधा मजकूरच राहतो. दादांचा कोड त्या जुन्या सवयीवर उभा होता, गावाच्या नावावरून नंबर काढायचा, आणि तो जुन्या आर वर बरोबरच चालत होता. त्यांची चूक नव्हतीच, कोणतं व्हर्जन वापरलं ते कुठं लिहून ठेवलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते एवढंच.

वर ऐन जूनमधे माझ्या लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. आमच्याकडं सापळे बघतात ते काका म्हणाले, "ताई, तुमचा लॅपटॉप मेला त मेला, माह्या वह्या हायेत नं." खरंच होत्या, सहा वह्या, सगळे आकडे जागच्या जागी. गेला तो कोड, तीन आठवड्यांची दुरुस्ती त्यात गेली. त्या रात्री ठरवलं की आता हे असं पेनड्राइव्हवर चालायचं नाही.

तर झेनोडो. हे सर्न चालवते, जिनिव्हाजवळची ती मोठी कणभौतिकीची प्रयोगशाळा, जिथं वेबचा जन्म झाला तीच. २०१३ पासून चालू आहे, युरोपियन कमिशनचा पैसा आहे, आणि जगातला कोणत्याही विषयाचा संशोधक फुकट वापरू शकतो, मोठ्या विद्यापीठाचा ईमेल लागत नाही, माझं साध्या ईमेलवर खातं झालं. एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा, आमचं सगळं मिळून काही एमबीसुद्धा भरत नाही. ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, जसा पेपरला असतो तसाच, म्हणजे उद्या कोणी आमचा कोड वापरला तर संदर्भात त्याचा पत्ता देऊ शकतो आणि तो पत्ता मरत नाही. गिटहब म्हणजे कोड ठेवायची साइट, तिथली लिंक आज आहे उद्या मालकानं रेपो, म्हणजे कोडचं फोल्डर, पुसला तर गेली, तशीच साइट गूगल कोड २०१६ ला बंद झालं तेव्हा किती जुन्या पेपरमधल्या लिंक मेल्या ते शोधताना बघितलंय मी.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नेटची. आमच्या गावात संध्याकाळी लाईन गेली की टॉवरही मंदावतो, हॉटस्पॉटवर मोठी फाइल चढवणं म्हणजे रात्र घालवणं. इथं तसं करावंच लागत नाही. कोड गिटहबवर असतो, झेनोडोच्या सेटिंगमधे त्या रेपोपुढचं बटण एकदा चालू केलं की पुढं प्रत्येक रिलीज, म्हणजे नंबर देऊन काढलेलं व्हर्जन, झेनोडो स्वतःच गिटहबवरून उचलून नेते, सर्व्हर टू सर्व्हर, आपला डेटा फक्त बटण दाबण्यापुरता जातो. बसस्टँडवर एसटीची वाट बघत मोबाईलवरून रिलीज केलीय मी, घरी येईपर्यंत डीओआय तयार होता.

पण एक गोष्ट आधीच सांगते. बटण चालू करायच्या आधी केलेल्या रिलीज झेनोडो उचलत नाही, फक्त नंतरच्या. मी पहिली रिलीज आधी केली आणि बटण नंतर दाबलं, दोन दिवस डीओआयची वाट बघत बसले. शेवटी पुन्हा नवीन नंबर देऊन रिलीज करावी लागली. आणि सरावासाठी त्यांची सँडबॉक्स नावाची वेगळी साइट आहे, पहिले प्रयोग तिथं करा, कारण खऱ्या साइटवर छापलेली नोंद तुम्हाला मनाला येईल तेव्हा पुसता येत नाही आणि तसंच असायला पाहिजे.

डीओआय दोन प्रकारचे येतात, हेही नीट समजून घ्या. प्रत्येक व्हर्जनचा वेगळा आणि सगळ्या व्हर्जनचा मिळून एक. पेपरमधे ज्या व्हर्जनवर आकडे काढले त्याचाच द्यायचा, नाहीतर दोन वर्षांनी कोणी आकडे ताडून बघायला गेला तर त्याला नवा कोड मिळेल आणि जुने आकडे जुळणार नाहीत. रीडमीमधे, म्हणजे रेपोच्या माहितीच्या फाइलमधे, मात्र एकत्रवाला टाकायचा, तो नेहमी ताज्या व्हर्जनवर नेतो.

लेखकांची नावं, ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक) वगैरे एका छोट्या सायटेशन फाइलमधे लिहून रेपोत ठेवली की झेनोडो ती वाचते, गिटहबवर पण संदर्भ कसा द्यायचा ते बटण येते. लायसन्स टाकायला विसरू नका. कोड दिसतो म्हणजे वापरायची परवानगी आहे असं नसतं, लायसन्स नसेल तर कायद्यानं सगळे हक्क लिहिणाऱ्याकडंच राहतात आणि समोरचा प्रामाणिक माणूस हात लावायला घाबरतो. आम्ही एमआयटी नावाचं खुलं लायसन्स घेतलं, पण आधी सरांना विचारून, कारण प्रोजेक्टच्या पैशातून झालेल्या कामाचा हक्क कोणाचा हा प्रश्न असतो.

आणि शेतकऱ्यांची माहिती. आमच्या एक्सेलमधे नावं, मोबाईल, गट नंबर होते. मी फाइल काढून टाकली आणि वाटलं झालं, पण गिटमधे, म्हणजे गिटहबमागच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, जुना इतिहास राहतो, रेपो उघडा केला की कोणीही मागच्या कमिटमधे (जतन केलेल्या जुन्या बदलात) जाऊन बघू शकतो. एका मैत्रिणीनं वेळेवर सांगितलं म्हणून वाचलं, मग मी नवीन कोरा रेपो करून फक्त कोड आणि बनावट आकड्यांची नमुना फाइल टाकली. ज्या माणसानं विश्वासानं आपल्या वावरात सापळा लावू दिला त्याचा नंबर जगासमोर जायला नको.

कमी कुठं आहे तेही सांगते. झेनोडो रिलीजची झिप ठेवते, त्यामागचा इतिहास आणि चर्चा नाही ठेवत. पूर्ण इतिहास पाहिजे तर फ्रान्सच्या इन्रिया या संगणक संशोधन संस्थेनं २०१६ ला सुरू केलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज आहे, तिथं आपल्या रेपोचा पत्ता टाकून आत्ता जतन करा म्हणता येते, तेही फुकट, मी दोन्हीकडं ठेवलंय. आणि कोड चालतो की नाही हे झेनोडो बघत नाही, ते त्यांचं कामच नाही. मोडका कोड टाकला तरी डीओआय मिळतो. कोडची तपासणी करून पाहिजे असेल तर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, छापायचे पैसे घेत नाहीत, तपासणारे उघडपणे चालवून बघतात, पण त्यांना बऱ्यापैकी मोठं काम लागतं, आमचं तेवढं झालं नाही अजून. सगळं इंग्रजीत आहे, आमच्याकडच्या एमएस्सीच्या पोरींना पहिल्या दिवशी बाजूला बसून दाखवावं लागते, एकदा दाखवलं की येते.

सांभाळायचं काम शेवटी आपल्यालाच करावं लागते आणि त्याला कोणी मार्क देत नाही, प्रगती अहवालात त्याचा रकाना नाही. मी महिन्यातला एक रविवार त्याला ठेवलाय. आर आणि पॅकेजची व्हर्जन आरएन्व्ह या आरच्या पॅकेजनं फाइलमधे लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागून येणाऱ्याला एनए बघत बसायला नको. डी ड्राइव्हचे पत्ते सगळे काढले. मागच्या हंगामात वर्ध्याकडच्या एका विद्यार्थ्यानं आमचा कोड घेतला आणि कळवलं की ५ जुलै ही तारीख कोड ७ मे वाचतोय, त्याच्या एक्सेलमधे महिना आधी होता. माझ्याकडं तो घोळ कधी दिसलाच नसता. दुरुस्त करून नवी रिलीज काढली, त्याचं नाव मदत करणाऱ्यांत टाकलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कमी एवढ्यासाठी की नवख्या माणसाला बटण आधी की रिलीज आधी हे ठळक कुठं कळत नाही.

लेखकांत पहिलं नाव दादांचं ठेवलंय, फोन करून विचारलं तर म्हणाले, "मले वाटलं ते सारं गेलं असंन." आता त्यांनी स्वतःचं ऑर्किड काढलं आणि गावाच्या नंबरचा तो तुकडा बसून पुन्हा लिहितायत, या वेळी कपाशी चाळीस-पंचेचाळीस दिवसांची होऊन सापळे लागायच्या आत रिलीज काढायची आहे.