आतडं उघडायचं की अंग मोजायचं?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सह्याद्रीतला ओढा ठरतो, मासेही साधारण ठरतात, आणि मग गाडी एका प्रश्नावर अडते. मासा काय खातो हे त्याच्या आतड्यातून शोधायचं, की तोंडाच्या आणि अंगाच्या ठेवणीवरून? चार-पाच महिन्यांत दोन्ही नीट होत नाही, त्यामुळे आधीच काय ते ठरवलेलं बरं.

मोजणीचा मोह का पडतो ते ओढ्यातला मळ्या मासा उलटा करून बघितला की कळतं. (हे आपलं गावठी नाव इंग्रज लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक साइक्सने १८३९ साली थेट शास्त्रीय नावात घातलं.) तोंड खालच्या बाजूला, त्यामागे हनुवटीवर चकती. ती दगडाला चिकटवून तो वाहत्या पाण्यात टिकतो आणि शेवाळ खरवडतो. आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब, गुंडाळून ठेवलेलं. मरळीचं याच्या उलट: आतडं अंगाहून आखूड, जबडा मोठा, दात टोकदार. डॅनिओ या छोट्या माशाचं तोंड वर वळलेलं, पाण्यावर पडलेले किडे टिपायला. अंगाची उंची, शेपटीच्या देठाची जाडी, डोळ्याची जागा, परांची लांबी-रुंदी, हे सगळं मोजायला एक डिजिटल कॅलिपर (जबड्यांत धरून लांबी मोजायचं साधन) आणि चांगला उजेड पुरतो. नवे मासे मारावेच लागतात असंही नाही. परवानगी मिळाली तर पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जपलेले नमुने मोजता येतात. फक्त फॉर्मलिनमधले आणि ताजे मासे एका तक्त्यात मिसळू नका, जपलेला मासा आक्रसतो.

पण तोंडावरून कळतं ते मासा काय खाऊ शकतो एवढंच. मत्स्यशास्त्रज्ञ कारेल लीम यांनी १९८० च्या सुमारास सिक्लिड माशांबद्दल हेच दाखवलं. एकाच प्रकारच्या खाण्यासाठी घडवल्यासारखा जबडा असलेला मासाही सोपं अन्न समोर आलं की तेच खातो. पनामातल्या ओढ्यांवरचं झारेट आणि रँड यांचं १९७१ चं काम मला याहून जवळचं वाटतं. तिथे अन्न कमी असलेल्या कोरड्या ऋतूत माशांचे आहार एकमेकांपासून जास्त वेगळे होते, मुबलक असताना सरमिसळ वाढली. दोन्ही ऋतूंत माशांची तोंडं तीच होती. कॅलिपरला यातलं काही दिसलं नसतं. आपल्याकडे पावसाळ्यातला ओढा आणि एप्रिलमधल्या डबक्यांची रांग यांत केवढा फरक असतो, तेव्हा ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही.

तरी आतड्याचं काम सोपं समजू नका. मळ्या, महसीर, बार्ब यांच्या कुळात जठरच नसतं, म्हणून आतड्याचा पुढचा भाग घ्यावा लागतो. घशातले दात अन्न आधीच भरडून टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली किड्याचं डोकं, एखादा पाय, पंखाचा तुकडा, एवढंच हाती लागतं. पाणी कोमट असल्याने पचनही झपाट्याने चालतं. माझ्या पहिल्या खेपेला मी जाळं रात्रभर लावून ठेवलं. सकाळी निम्मी आतडी रिकामी, उरलेल्यांत ओळख न लागणारा लगदा. तेव्हापासून तास-दोन तासांत जाळं उचलायचं आणि आतडी ओढ्याकाठीच फॉर्मलिनमध्ये टाकायची. नुसते आकडे मोजलेत तर शेकडो डायटम (एकपेशी सूक्ष्म शेवाळ) एका गांडुळावर भारी पडतात. नटराजन आणि झिंगरन यांचा १९६१ चा निर्देशांक आढळ (किती आतड्यांत ते अन्न सापडलं) आणि आकारमान दोन्ही धरतो, तो वापरा.

आहार शोधायला नायट्रोजनच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचा) तिसरा रस्ताही आहे. अन्नसाखळीत दर पायरीला जड नायट्रोजन सरासरी ३.४ प्रतिसहस्र वाढतो. पण हे मोजणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, हाताशी नसेल तर त्यात पडू नका.

पंधरा-वीस जाती आणि एकच फेरी असेल तर अंग मोजा. तीन-चार जाती आणि पावसाच्या आधी-नंतरच्या दोन फेऱ्या जमत असतील तर आतडं उघडा. माझं मत दुसऱ्या बाजूला. मोजणीच्या प्रकल्पांत आलेख देखणे निघतात, पण शेवटी 'खाली तोंड असलेला मासा तळाशी खातो' एवढंच लिहिलं जातं, आणि ते गावातल्या भोयालाही ठाऊक असतं. आतडं काढलंच आहे तर त्याची लांबी तेवढी मोजून ठेवा, वेगळी मेहनत नाही.

महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहावर मात्र डोळा ठेवू नका. तिथले महसीर देवाचे, त्यांना कोणी हात लावू देत नाही. आणि भाविक त्यांना कुरमुरे घालतात, जे कुठल्याच महसीराच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

ओढा अभयारण्यात असेल तर वनखात्याकडे अर्ज आत्ताच टाका. परवानगी येईपर्यंत कॅलिपर घेऊन आकुर्डीला बसायला हरकत नाही.