‘टू गुड टू बी ट्रू’ म्हणावं, की ‘व्हॉट्स द कॅच?’

भाच्याला लंडनमध्ये खोली हवी होती. घरमालकीणबाईंनी फोटो पाठवले, भाडं अंदाजापेक्षा बरंच कमी. हा खूश होऊन लिहितो, ‘इट्स टू गुड टू बी ट्रू!’ संध्याकाळी कोरडं उत्तर आलं: हवी तर घराची कागदपत्रं दाखवते. यानं कौतुक केलं होतं, बाईंनी वाचला संशय.

घोळ आपल्या ‘टू गुड’चा. ‘काय टू गुड गायलीस गं!’ म्हणताना आपला ‘टू’ म्हणजे निव्वळ ‘फारच’. इथला ‘टू’ मात्र शाळेतल्या ‘रिमूव्ह टू’चा. तो काढला की उरतं ‘सो गुड दॅट इट कॅनॉट बी ट्रू’. इतकं चांगलं, की खरं असूच शकत नाही. दहावीला दोन मार्कांसाठी घोकलेला तो ‘कॅनॉट’ पुढे आपण साफ विसरतो. इंग्रजीत हा प्रयोग जुना आहे. थॉमस लप्टनच्या १५८० सालच्या पुस्तकाच्या नावातच हे शब्द होते.

तेव्हा हे वाक्य ज्यानं देऊ केलंय त्याला ऐकवायचं नाही, तिसऱ्याला सांगायचं. मित्र ‘महिन्याला दहा टक्के परतावा’वाली स्कीम दाखवतो, तिथे ते चपखल बसतं.

‘व्हॉट्स द कॅच?’ मात्र समोरच्यालाच विचारतात. ‘यात मेख काय आहे?’ असा रोखठोक प्रश्न. मला हा जास्त आवडतो, कारण समोरच्याला निदान उत्तर द्यायला जागा राहते. पण तो हसत, ओळखीच्या माणसाला. अनोळखी बाईंना मेलमध्ये नको. तिथे सरळ ‘मे आय आस्क व्हाय द रेंट इज सो लो?’ बरं.

राहिलं ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’. अमेरिकेत चिमटीऐवजी मिठाचा कण, ‘ग्रेन’. हे देऊ केलेल्या वस्तूपेक्षा ऐकीव गोष्टीला लागतं: खोटं म्हणत नाही, पण सगळंच खरं धरू नका. काकांच्या फॉरवर्डला उत्तम. अर्थात काकांसमोर नव्हे.

भाच्यानं माफी मागून भाड्याचं नीट विचारलं. खालीच बेकरी आहे, पहाटे तीनला यंत्रं सुरू होतात. खोली त्यानं घेतली.