बेनागिलच्या गुहेत पोहायला नेतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

पोर्तुगालच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावर जाणार असाल तर हे आधी वाचा. बेनागिलची गुहा म्हणजे छताला गोल भोक असलेली, आत वाळूचा छोटा किनारा असलेली ती प्रसिद्ध गुहा. तिच्यात पोहत जायला किंवा आतल्या वाळूवर उतरायला पर्यटकांना बंदी आहे. 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या बंदर अधिकाऱ्यांनी हा नियम केला आणि गाईडशिवाय कयाक भाड्याने देणंही बंद केलं. तरीही आम्हाला नेमकं तेच विकलं गेलं. माणशी 45 युरो, तेही रोख.

पोर्तिमावच्या धक्क्याजवळ टेबल टाकून एक जण बसला होता. बोर्डावर गुहेचा मोठा फोटो, वाळूवर टॉवेल अंथरून बसलेली माणसं. आत पोहायला मिळेल ना, असं माझ्या नवऱ्याने दोनदा विचारलं. "हो, आमच्याकडे खास परवाना आहे, गाईड तुमच्यासोबत पाण्यात उतरेल," असं ठामपणे उत्तर आलं. हातात चिठ्ठी दिली तिच्यावर वेळ, माणसांची संख्या आणि एक मोबाईल नंबर. कंपनीचं नाव कुठेच नाही.

होडी दुसऱ्याच कुणाची तरी निघाली. गाईड कुठे म्हणून विचारलं तर होडी चालवणारा म्हणाला, मीच. एका कमानीतून आत शिरलो. आत आधीच दोन होड्या घरघरत होत्या, डिझेलचा वास छताखाली कोंडलेला. माझी मुलगी निघाल्यापासून गॉगल लावून बसली होती, ती उठून उभी राहिली. तेवढ्यात होडीने एक गिरकी घेतली आणि दुसऱ्या कमानीतून आम्ही बाहेर. "आज लाटा मोठ्या आहेत, उतरता येणार नाही." समुद्र तेव्हा अगदी शांत होता. गाईडबरोबर आलेले कयाकवाले आमच्या बाजूनेच आरामात आत जात होते.

पुढे भर समुद्रात, इतर होड्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, त्याने शिडी सोडली आणि म्हणाला, पोहा इथे. लाइफ जॅकेटं सीटखाली गाठोडं बांधून ठेवलेली. सोबत पाण्यात कोणी उतरणार नव्हतं. मुलीला मी उतरू दिलं नाही. ती रडली, आणि त्या माणसाचा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

परत आल्यावर टेबलवाल्याने चिठ्ठीची मागची बाजू दाखवली: समुद्राच्या स्थितीनुसार कार्यक्रमात बदल होऊ शकतो. सगळी मेख इथे आहे. जे देताच येत नाही ते विकायचं आणि खापर समुद्रावर फोडायचं. समुद्र खवळला की तिथल्या फेऱ्या खरंच रद्द होतात, पण प्रामाणिक लोक तेव्हा पैसे परत देतात किंवा दुसरा दिवस देतात.

नियम मात्र योग्यच आहे, हे आत गेल्यावर पटतं. होड्यांची सतत ये-जा, त्यात बाहेरच्या लख्ख उन्हातून अंधारात शिरताना पाण्यातलं डोकं चालवणाऱ्याला दिसणं कठीण. शिवाय हे चुनखडीचे कडे ठिसूळ आहेत. 2009 साली आल्बुफेइराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून 5 जण गेले. अशा ठिकाणी खोटं बोलून माणसं पाण्यात उतरवू पाहणारा फक्त पैशांना फसवत नाही.

तुम्ही जाणार असाल तर पोहणं नक्की कुठे, हे लेखी घ्या. 'गुहेत' असं उत्तर आलं की तिथून निघा. पोर्तुगालमध्ये अशा सहली नेणाऱ्यांची सरकारी नोंदणी असते, तिला आरएनएएटी म्हणतात. तो क्रमांक मागा, ऑनलाइन तपासता येतो. पैसे कार्डानेच द्या. पावतीवरचं नाव आणि होडीवाल्याचं नाव जुळतंय का, ते चढण्याआधी बघा.

आणि फसलातच तर 'लिव्रू द रेक्लामासोंइश' मागा. ही तक्रारवही ठेवणं तिथल्या व्यावसायिकांना कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या टेबलवाल्याने वही नाही म्हणून हात झटकले. म्हणून आम्ही रात्री हॉटेलवरून तिच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार केली. चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे आणि होडीवरच्या नोंदणी क्रमांकाचे फोटो जवळ होते, ते कामी आले. पैसे अजून मिळालेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे.