लॅपटॉपचं वायफाय गेलंय: डोंगल, नवं कार्ड की सरळ केबल?

घरात सगळ्यांच्या मोबाइलवर नेट व्यवस्थित चालतंय, टीव्हीही चालतोय, फक्त लॅपटॉप रुसलाय. अशा वेळी सल्ल्यांची कमतरता नसते. दुकानदार काउंटरखालून डोंगल (यूएसबी पोर्टला बाहेरून लावायचं छोटं वायफाय यंत्र) काढतो, सर्व्हिस सेंटरवाला मदरबोर्डचं (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचं) नाव घेतो आणि इंजिनीअरिंगला असलेला भाचा विंडोज नव्याने टाकू म्हणतो. तिघांचंही कधी ना कधी बरोबर असतं. पण कुणाचं ऐकायचं हे बिघाड कुठे आहे त्यावर ठरतं, आणि ते पाहायला फार तर अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाआधी खरेदीला निघू नका.

आधी लक्षण नीट पाहा. वरवर एकसारखे वाटणारे तीन प्रकार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत.

पहिला प्रकार: शेजाऱ्यापाजाऱ्यांची वायफायची नावं यादीत दिसतात, तुमचंच दिसत नाही. इथे लॅपटॉप बहुधा ठणठणीत असतो. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालतं, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये बरीच वर्षं फक्त २.४ वर चालणारं वायफाय कार्ड (आतला वायफाय पकडणारा छोटा बोर्ड) बसवून येत होतं. नवीन फायबर कनेक्शन घेतलं, राउटर बदलला, बसवायला आलेल्या मुलाने वेग छान दिसावा म्हणून ५ गिगाहर्ट्झ तेवढं चालू ठेवलं, की लॅपटॉपच्या लेखी तुमचं वायफाय अस्तित्वातच नसतं. राउटरच्या पानावर जायचं (पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा), २.४ चालू करायचं आणि त्याला वेगळं नाव द्यायचं. खर्च शून्य. याचाच एक मजेशीर उपप्रकार अमेरिकेतून कुणी आणून दिलेल्या लॅपटॉपचा. आपल्याकडे २.४ मध्ये १३ चॅनेल चालतात, तिकडच्यासाठी बनलेली बरीच कार्डं ११ च्या पुढे बघतच नाहीत. राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडलं की त्या दिवशी नेट गायब, उद्या राउटर बंद-चालू केला की परत हजर! चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्कं करून टाका. नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही, असं असेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का ते बघा. ते मानक २०१८ चं, त्याआधीच्या बऱ्याच कार्डांना ते झेपत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून असलेला पर्याय निवडला की काम होतं.

दुसरा प्रकार: कनेक्टेड दिसतं, पण पानं उघडत नाहीत. इथे डोंगलवर पैसे घालवणारे बरेच भेटतात. नेटवर्कच्या माहितीत लॅपटॉपचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक चिकटवून घेतलाय. पत्ता ठीक असेल तर तारीख-वेळ बघा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपून घड्याळ काही वर्षं मागे गेलं असेल, तर ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो आणि माणसाला वाटतं नेट बंद आहे. तेही नसेल तर एखाद्या जुन्या अँटिव्हायरसने किंवा व्हीपीएनने आत घोळ घालून ठेवलेला असतो. तो घोळ विंडोजच्या नेटवर्क व्यवस्थेत असल्यामुळे नवा डोंगल लावला तरी तो बऱ्याचदा तसाच भोवतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क रीसेट आहे, ते करा. वायफायचे साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातील आणि ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकेल, हे आधी माहीत असू द्या.

तिसरा प्रकार खरा खर्चाचा: वायफायचं बटणच नाहीसं झालंय. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायरलेस असं काही दिसत नाही, किंवा दिसतं पण नावावर पिवळा त्रिकोण, आणि उघडलं की ‘हे उपकरण सुरू होऊ शकत नाही’, कोड १०. इथेही आधी एक फुकटचा उपाय. लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतंच, अडकलेलं कार्ड अडकलेलंच राहतं. बटण दाबून धरल्यावर उरलीसुरली वीज निघून जाते आणि कार्ड कोऱ्या पाटीने सुरू होतं. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण ‘कार्ड गेलं’ म्हणून आणलेल्या लॅपटॉपपैकी कितीतरी इथेच परत जातात.

त्यानेही जमलं नाही तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर. नेट नसताना ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडा, चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा. फोन त्याचं वायफाय केबलमधून लॅपटॉपला देतो, मोबाइल डेटा खर्च होत नाही. म्हणजे फोनच तुमचा डोंगल झाला. आयफोन मात्र हे करत नाही, तो स्वतःचा मोबाइल डेटाच वाटतो. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकूनच घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची जी सॉफ्टवेअरं गुगलवर आधी दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेवटची परीक्षा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा, ‘ट्राय’ निवडा. काहीही इन्स्टॉल करायचं नाही. तिथे वायफायची नावं दिसली तर कार्ड जिवंत आहे आणि दोष विंडोजचा. भाचा बरोबर. उबुंटूतही कार्डाचा पत्ता नसेल तर बहुधा कार्ड गेलं असं धरून चाला, आणि मग पुढचं वाचा.

डोंगल की आतलं कार्ड

डोंगलच्या बाजूने बोलायचं तर स्क्रूड्रायव्हर लागत नाही, आज आणला आज चालू, आणि उद्या लॅपटॉप बदलला तर डोंगल पुढच्याला लावता येतो. पाचशेच्या आसपास नखाएवढा मिळतो, ज्याच्या खोक्यावर वेग म्हणून १५० (एमबीपीएस) लिहिलेलं असतं. तो घेऊ नका. फक्त २.४ वर चालतो, आणि प्रत्यक्षात त्या १५० च्या निम्म्यापर्यंतही क्वचित पोचतो. फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येक घराचा राउटर २.४ वर ओरडत असतो, तिथे संध्याकाळी व्हिडिओ कॉल म्हणजे नुसता ‘हॅलो, ऐकू येतंय का?’चा कार्यक्रम.

हजार-बाराशेच्या आसपास दोन्ही बँडवाला मिळतो. त्याच्या खोक्यावर ६०० असतं. हा आकडा दोन बँडची बेरीज आहे: ५ वर ४३३ आणि उरलेला २.४ वर. दोन्ही एकाच वेळी कधीच वापरात नसतात, त्यामुळे ६०० कुणालाच मिळत नाही. तरी १०० एमबीपीएसच्या प्लॅनला हा पुरून उरतो. १३०० वाला घेणार असाल तर लॅपटॉपला यूएसबी ३ चं पोर्ट हवं, कारण यूएसबी २ ची कागदावरचीच मर्यादा ४८० आहे. त्यातही गंमत अशी की यूएसबी ३ चं पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क २.४ च्या आसपास बराच गोंगाट करतात. डोंगलशेजारीच हार्ड डिस्क लावली की वायफाय लंगडतं. वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल बाजूला घेतला की फरक दिसतो.

डोंगलचं खरं दुखणं वेगळंच आहे. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच कार्डावर असतात. कार्ड गेलं तर माउस आणि इअरफोनही गेले. साधा डोंगल फक्त वायफाय परत देतो. ब्लूटूथसहित येणारा डोंगल मिळतो, तो मागून घ्यावा लागतो. शिवाय मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांकडून बाहेर आलेला डोंगल कशाला ना कशाला आपटतोच, आणि तेव्हा डोंगलपेक्षा पोर्टचं नुकसान महागात जातं.

आतलं कार्ड दीड ते अडीच हजारांच्या आसपास जातं आणि माझं मत विचाराल तर लॅपटॉप अजून तीनेक वर्षं वापरायचा असेल तर हेच करा. वायफाय, ब्लूटूथ दोन्ही परत, पोर्ट मोकळं, आणि अँटेना स्क्रीनच्या कडेने आधीच बसवलेल्या असल्याने रेंज डोंगलपेक्षा चांगली. फक्त तीन सापळे आहेत.

पहिला सापळा नावाचा. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० ही कार्डं मदरबोर्डवर कार्डासाठी एम.२ प्रकारची ई खाच असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चालतात, प्रोसेसर एएमडीचा असला तरी. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला हुबेहूब तशीच, पण ती अर्धं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरवर सोपवतात. चुकीच्या मशीनमध्ये लावली तर ढिम्म हलत नाहीत. शेवटचा आकडा १ असेल तर आधी चौकशी करा. साधारण २०१४ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये एम.२ नसून हाफ मिनी पीसीआयई खाच असते, तिथे ही कार्डं बसतच नाहीत.

दुसरा सापळा बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा. लेनोवो आणि एचपीच्या काही जुन्या मॉडेलांत परवानगीच्या यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही. जुन्या थिंकपॅडवर तेव्हा एरर १८०२ दिसते. अशा मॉडेलसाठी कंपनीचा पार्ट नंबर असलेलंच कार्ड शोधावं लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या लॅपटॉपमधून काढलेली अशी कार्डं विचारून पाहता येतात.

तिसरा सापळा सोल्डरचा. अलीकडच्या मॅकबुकमध्ये आणि बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये वायफाय बोर्डावरच डकवलेलं असतं, बदलायला काही नसतंच. मॉडेल नंबरवरून यूट्यूबवर खोलण्याचा व्हिडिओ बघितला की हे दोन मिनिटांत कळतं. मॅकसाठी डोंगलचे ड्रायव्हर मिळणंही कठीण, त्यामुळे तिथे सरळ केबलकडे वळा.

बदलण्याचं काम अवघड नाही, नाजूक आहे. खालचं झाकण काढल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते काढले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वर कीबोर्डच्या बाजूने टेंगूळ येतं. कार्ड असतं २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूने धरलेलं. त्यावर एक काळी आणि एक पांढरी वायर, टोकाला तांदळाच्या कणीएवढी सोनेरी गोल टोपी. ती बाजूला ओढायची नाही, नखाने सरळ वर उचलायची. नव्या कार्डावर बसवताना टोपी बरोबर मध्यावर आली पाहिजे, मग बोटाच्या टोकाने दाबली की ‘टिक्’ असं अगदी हलकं जाणवतं. ते जाणवलं नाही तर जोर लावू नका, उचलून पुन्हा मध्यावर आणा. एक वायर अर्धवट राहिली तर वायफाय राउटरच्या खोलीत चालतं आणि भिंतीपलीकडे मान टाकतं. लोक मग नव्या कार्डाला नावं ठेवतात.

मशीन विंडोज ११ ला अपात्र असेल तर मात्र माझा कौल डोंगलला. विंडोज १० चा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्या लॅपटॉपच्या पोटात दोन हजार घालण्यापेक्षा जे उद्या दुसऱ्याला लावता येईल ते घ्या.

केबल आणि फोन

लॅपटॉप रोज एकाच टेबलावर असतो का? मग या सगळ्या वादात पडूच नका, केबल ओढा. काही शेकड्यांत दहा मीटरची चांगली केबल येते, वायफायचे नखरे कायमचे संपतात. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीवरून लॅन करून देणारा अडॅप्टर घ्यायचा, गिगाबिटचा आणि यूएसबी ३ चा. लावल्यावर जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० दिसला तर केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली किंवा टोक नीट न दाबलेलं असतं, किंवा राउटरचं पोर्टच १०० चं असतं. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथे दाराच्या चौकटीकडेने चिकटपट्टीच्या क्लिपांत केबल नेता येते.

फोनचं टिदरिंग दोन-चार दिवस निभावायला उत्तम. रोजचा उपाय म्हणून नको, फोन तापतो आणि कॉल आला की उचलून बाहेर जायची सोय राहत नाही.

सर्व्हिस सेंटर कधी

वॉरंटी चालू असेल तर स्वतः काहीच उघडू नका, सरळ जा. वॉरंटी संपलेली असेल आणि ‘बोर्डाचं काम’ असं सांगून पाच-सात हजारांचा आकडा आला, तर त्यांच्यासमोर डोंगल लावून बघा. डोंगल चालतोय आणि लॅपटॉपचं बाकी सगळं ठीक आहे, तर फक्त वायफायसाठी बोर्ड दुरुस्त करून घेण्यात अर्थ नाही. ‘फॉरमॅट करावं लागेल’ म्हणाले तर तुमच्या उबुंटूच्या पेनड्राइव्हवर त्यांनाच लॅपटॉप सुरू करून दाखवायला सांगा. तिथे वायफाय दिसलं तर फॉरमॅटला होकार द्यायला हरकत नाही, डेटाची कॉपी हातात आल्यानंतर.