स्टंपसाठी महानारायण तेल: रात्री चालेल, सकाळी नको

पाय कापल्यावर उरलेल्या भागाला, म्हणजे स्टंपला, चोळायला घरात पहिली बाटली येते ती बहुधा महानारायण तेलाची. मुळात हे तिळाचं तेल, त्यात अश्वगंधा, शतावरी, बला, दशमुळं सिद्ध केलेली. तेल बनवायच्या बऱ्याच कृतींत कापूरही असतो, म्हणून चिरलेल्या कातडीला लागलं की झोंबतं. टाके निघून जखम पूर्ण मिटल्याशिवाय, खपली असेपर्यंत बाटली उघडूच नका.

गुडघ्याखालच्या स्टंपला चहाचा एक चमचा तेल पुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नको. मधुमेहाने पाय गेला असेल तर स्टंपला चटका नीट कळेलच असं नाही, त्यामुळे तेल आधी हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. टोकाकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने पाच-सात मिनिटं. व्रणावर दोन बोटं टेकवून छोटे गोल फिरवा. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत, बोटांबरोबर कातडीच खालच्या हाडावरून हलली पाहिजे. ती हाडाला चिकटली की सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोळीत स्टंप बसतो तिथे, रोज त्याच जागी सोलपटते. अर्ध्या तासाने सौम्य साबणाने धुवा, कोरडं करा आणि मगच इलॅस्टिक बँडेज बांधा, नाहीतर तेलाने त्याचा ताण जातो.

सगळा घोटाळा होतो सकाळी. "कातडी मऊ राहते" म्हणून तेल चोपडून कृत्रिम पाय चढवला की लायनर (स्टंपवर घालायचं मऊ आवरण) घसरतो, चालताना स्टंप सॉकेटमध्ये वरखाली होतो. घाम आणि तेल कोंडून केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. एक केसतूड झालं तरी पाय काही दिवस कोपऱ्यात उभा. याच्या उलट तुरटीच्या पाण्याने कातडी "कडक" करण्याचा सल्ला. त्याने ती कोरडी पडून भेगाळते. आणि बिब्बा? तो निरोगी कातडीवरही फोड आणतो, स्टंपच्या आसपासही नको.

नसलेल्या पायाची बोटं दुखतात, त्यावर तेल चालतं का? तेलातल्या औषधाने ते थांबतं असं म्हणायला आधार नाही. चोळण्याच्या स्पर्शाने काहींना थोडा वेळ बरं वाटतं, आणि तेवढं साध्या तिळाच्या तेलानेही होतं. त्यापेक्षा काचेच्या दुकानातून एक लांब आरसा आणा. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेली ही युक्ती. दोन्ही पायांच्या मधे आरसा उभा धरायचा, धडधाकट पायाचं प्रतिबिंब बघत तो पाय सावकाश हलवायचा, रोज पंधरा मिनिटं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण कातडीचं नुकसान शून्य.

एका ठरावीक बिंदूवर टिचकी मारली की वीज चमकल्यासारखी कळ येत असेल, तर तिथे चोळत बसू नका. कापलेल्या नसेची गाठ असू शकते. ती डॉक्टरांनाच दाखवा.

झोपायच्या आधीच्या मालिशीसाठी तेल चांगलं. चादरीला डाग मात्र पडतात, खाली जुना पंचा घाला.