आरएस-१२५: ग्रॅनाइटवर पक्का, साताऱ्याच्या काळ्या कातळावर कच्चा

भूकवचातली किरणोत्सारी उष्णता मोजायची तर हा हातात धरायचा गॅमा स्पेक्ट्रोमीटर (खडकातून येणारे गॅमा किरण मोजणारं यंत्र) सोयीचा. वजन सुमारे दोन किलो, आत १०३ घनसेंटीमीटरचा सोडियम आयोडाइड स्फटिक. कातळावर टेकवला की पोटॅशियम टक्क्यांत, युरेनियम आणि थोरियम पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) दाखवतो. उष्णतेचा हिशेब आपण करायचा: ९.५२ गुणिले युरेनियम, २.५६ गुणिले थोरियम, ३.४८ गुणिले पोटॅशियम. बेरजेला घनतेने (किलो प्रति घनमीटर) गुणून एक लाखाने भागा. उत्तर मायक्रोवॅट प्रति घनमीटरमध्ये येतं.

घोडं पेंड खातं ते बेसाल्टवर, म्हणजे साताऱ्याच्या काळ्या कातळावर. समजा युरेनियम ०.४, थोरियम १.८ पीपीएम आणि पोटॅशियम ०.४ टक्के आहे. उष्णता जेमतेम ०.२८. युरेनियम अर्ध्या पीपीएमने चुकलं तर ०.१४ चा फरक, म्हणजे उत्तराच्या निम्मा! वरच्या भूकवचाची सरासरी सुमारे १.६५, तिथे एवढीच चूक आठ टक्क्यांत जिरते. म्हणून बेसाल्टवर दोन मिनिटांच्या मोजणीवर भागवू नका, दहा मिनिटं तरी ठेवा आणि जागा बदलून पुन्हा घ्या.

जागा सपाट हवी, भोवती मीटरभर उघडा कातळ. कुंभार्ली घाटात रस्त्याच्या कापाला चिकटून मोजलं तर बाजूच्या भिंतीचे किरणही येतात आणि तिन्ही आकडे फुगतात. पावसानंतर तीनेक तास थांबा: सरींबरोबर रेडॉनची अपत्यं (युरेनियमपासून होणाऱ्या रेडॉन वायूच्या क्षयातून बनलेली किरणोत्सारी मूलद्रव्यं) खाली येतात आणि युरेनियम खोटं वाढतं. (पाटणात जुलैमध्ये तीन कोरडे तास मिळाले तर नशीब.) कास-पाचगणीच्या जांभ्यावरचे आकडे तर बेसाल्टचे म्हणून वापरूच नका. तिथे पोटॅशियम धुऊन गेलेलं असतं, थोरियम मागे साचलेलं.

यंत्राची नजर जेमतेम अर्धा मीटर खोल. कोयना खोऱ्यात गोठणे इथल्या बोअरमध्ये बेसाल्ट १२४७ मीटरपर्यंत आहे, त्याखाली ग्रॅनाइट-नाइस. आधीच्या ०.२८ या आकड्याने तो सगळा बेसाल्टचा थर धरला तरी पृष्ठभागाच्या उष्णताप्रवाहात त्याची भर ०.३५ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. सरासरी वरच्या भूकवचाच्या दहा किलोमीटरची सुमारे साडेसोळा. खरा माल खाली आहे, तो कोअरमधूनच (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलातून) कळणार. मात्र कोअरच्या तुकड्यावर हे यंत्र टेकवलं तर आकडे कमीच येतात, कारण त्याचं कॅलिब्रेशन पसरट कातळासाठी असतं. कोअरची पूड हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे ठेवून (तेवढ्यात निसटलेला रेडॉन पुन्हा भरून येतो), शिशाच्या कवचातल्या जर्मेनियम डिटेक्टरवर मोजून घ्यावी.

आणि पृष्ठभागाचा आकडा घेऊन तो खोलीबरोबर घातांकी दराने (दर ठराविक खोलीला त्याच पटीने कमी) उतरवत नेऊ नका. जर्मनीतल्या केटीबी या संशोधनासाठी खणलेल्या खोल बोअरमध्ये नऊ किलोमीटरपर्यंत तशी उतरण दिसली नाही. खडक बदलला तशी उष्णता बदलली.

ग्रॅनाइट-नाइससाठी पाचपैकी साडेचार. साताऱ्याच्या बेसाल्टसाठी दोन, तेही वेळ हाताशी असेल तर.