बाहेरचा उरलेला रंग आतल्या खोलीला चालेल का?

रंगकाम निघालं की हा प्रश्न हमखास निघतो. बाहेरचा रंग पावसात टिकतो, म्हणजे आत तर कायमचाच टिकेल, असा त्यामागचा हिशेब. पण दोन्ही रंगांना सोसावं लागतं ते वेगळं.

मुळात दोन्ही बहुधा पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक इमल्शनच असतात. बाहेरची भिंत दुपारी तापते आणि सरीने गार पडते. तिच्याबरोबर ताणलं जाईल असं लवचिक बाइंडर, म्हणजे रंगाचे कण भिंतीला धरून ठेवणारा चिकट घटक, बाहेरच्या रंगात घालतात. शिवाय शेवाळ आणि बुरशी रोखणारी रसायनं भरपूर. बंद बेडरूममध्ये ती कशाला हवीत? उरलेला डबा कंपाउंडच्या भिंतीला लावून संपवावा.

आतल्या रंगाचं काम निराळं: वास कमी हवा, रंगाचा हात गुळगुळीत बसायला हवा, फोडणीचे शिंतोडे आणि पोरांची चित्रकला ओल्या फडक्याने निघायला हवी. साधा डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण पुसायला गेलं की फडक्यावर रंगच येतो. हॉलच्या छताला ठीक, स्वयंपाकघराला इमल्शनच घ्या.

उलटा प्रकार, म्हणजे आतला रंग बाहेर, जास्त महागात पडतो. उन्हापावसात बाइंडर झिजतं, भिंतीला हात लावला की पांढुरकी भुकटी लागते, मग पोपडे. रंगाआधी भिंत सपाट करायला लावतात त्या पुट्टीचंही तसंच: ॲक्रिलिक पुट्टी आतच ठेवा, बाहेर लागलीच तर व्हाइट सिमेंटची.

खरा घोळ गॅलरीचा. छप्पर आहे म्हणून पेंटर तिला आतलाच रंग सुचवतो. पण कोकणात आणि मुंबईत पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. पश्चिमेकडची गॅलरी पार आतपर्यंत भिजते. माझा नियम सोपा आहे: जुलैमध्ये जी भिंत ओली होते, ती बाहेरची. उघडा जिना आणि ओटीही त्यातच आले.

शेड निवडतानाही हेच. भडक पिवळा किंवा लाल आत हौसेने लावा. बाहेर तो लवकर विटण्याची शक्यता जास्त. गेरूसारखे मातकट रंग तग धरतात, कारण त्यांतलं लोह-ऑक्साइड उन्हाला दाद देत नाही.

आतून ओल येत असेल तर मात्र महागातला महाग रंगही उपयोगाचा नाही. वॉटरप्रूफ म्हणून विकला जाणारा रंग आतून फासला की पाणी मागे अडकतं आणि पापुद्रे सुटतात. आधी गळती शोधा, भिंत सुकू द्या. नवं प्लास्टर असेल तर पाणी मारून झाल्यावरही निदान 28 दिवस थांबा. ओल्या सिमेंटमधला क्षार रंग खातो.

दिवाळीच्या घाईत आतलं काम उरकायला हरकत नाही. बाहेरचं मात्र जानेवारी-फेब्रुवारीत काढा, कारण पावसाळाभर भिजलेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच असू शकते.